हाताने फिरवून बघा

जुनं मशीन घ्यायला आलेला माणूस आधी रंग बघतो. मशीनवर रंगाइतकी निरुपयोगी गोष्ट दुसरी नसते. मी तर ताजा रंग दिसला की दोन पावलं मागे सरकतो. गळ्यात ताजा हार घातलेला माणूस दिसला तरी माझं तसंच होतं. आत काय झाकलंय, हा प्रश्न आधी पडतो.

भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या गल्लीत मी तीस वर्षांहून अधिक काळ विजेवर चालणाऱ्या जुन्या करवती विकत घेतल्या, दुरुस्त केल्या आणि पुन्हा विकल्या. करवत हा शब्द आमच्या गल्लीत कोणी उच्चारत नाही. हातात धरून चालवायचं ते कटर. टेबलाच्या फटीतून गोल पातं वर आलेलं असतं ते टेबल-सॉ. दोन चाकांवरून लांब पट्टीसारखं पातं फिरतं तो बँड-सॉ. एवढी तीन नावं कळली की आमच्या धंद्यातलं निम्मं शहाणपण आलं. उरलेलं निम्मं कानात असतं.

मशीन चालू करताना ऐकू नये, बंद करताना ऐकावं. चालू होताना सगळीच मशीनं तरुण असतात. बटण सोडलं की पातं हळूहळू थांबत येतं, आणि तेव्हा बेअरिंग झिजलेलं असेल तर जात्यात खडा आल्यासारखी खरखर ऐकू येते. मग प्लग काढायचा, पातं दोन बोटांत धरून मागेपुढे हलवायचं. हललं तर घ्यायचं नाही. नाक मोटरच्या जाळीपाशी न्यायचं. जळका वास आला तर मोटर एकदा गेलेली आहे आणि पुन्हा जाणार आहे. विकणारा तेवढ्यात सांगत असतो, "काका, फक्त दोनदा वापरलंय." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पुण्यात कोणी कुठलंही मशीन तिसऱ्यांदा वापरलेलंच नाही, अशी माझी समजूत झाली आहे.

पूर्वी माझं गिऱ्हाईक म्हणजे सुतार. तो यायचा, मशीन उचलून वजन बघायचा, एक शिवी द्यायचा आणि घेऊन जायचा. गेल्या काही वर्षांत मात्र दुसरीच मंडळी येऊ लागली. बँकेतून निवृत्त झालेले, कॉम्प्युटरवाले, एक दातांचे डॉक्टर, दोन प्राध्यापिका. यांना फर्निचर विकत घ्यायचं नसतं, करायचं असतं. घरात जागा नसते म्हणून बाल्कनीत करायचं असतं. मी त्यांना बाल्कनीवाले म्हणतो, अर्थात पाठीमागे.

पहिला बाल्कनीवाला मला नीट आठवतो. लॅपटॉपची बॅग पाठीवर, हातात हेल्मेट. एका कटरकडे बोट दाखवून म्हणाला, "अंकल, ह्याची सर्व्हिस हिस्टरी आहे का?"

"आहे. आधी एका सुताराकडे होतं, त्याने मारलं. मग माझ्याकडे आलं, मी जिवंत केलं."

"म्हणजे रिफर्बिश्ड."

"तसं म्हटल्यावर जास्त पैसे द्याल का?"

"नाही."

"मग जुनं."

त्याने ते घेतलं. त्याचं नाव निखिल. तो या हकिकतीत पुन्हा येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

बाल्कनीवाल्यांनी मला करमणूक पुष्कळ दिली. एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांनी माझ्याकडचा सगळ्यांत मोठा बँड-सॉ घेतला. मी विचारलं, "घर कितव्या मजल्यावर?" ते म्हणाले, "ती माझी जबाबदारी." सहावा मजला निघाला. मशीन लिफ्टमध्ये मावेना आणि जिन्याच्या वळणावर वळेना. ते आजही त्यांच्या पार्किंगमध्ये उभं आहे. चार वर्षांनी मी तिथे गेलो होतो, तर त्याच्या वरच्या चाकावर कोणीतरी पायपुसणी वाळत घातली होती. अधिकारी म्हणाले, "पोझिशन होल्ड करून आहोत."

एका मोठ्या सोसायटीने 'सदस्यांसाठी छंद-कार्यशाळा' काढली, तिचंही मशीन माझंच. उद्घाटनाला एक पुढारी आले. फीत, नारळ, तीन भाषणं. एका वक्त्याने श्रमप्रतिष्ठेवर बोलताना खुर्ची ओढायला नोकराला हाक मारली. मग पुढाऱ्यांनी पहिला लाकडाचा तुकडा कापायचा असं ठरलं. रेशमी कुर्ता, लोंबत्या बाह्या, चारी बोटांत अंगठ्या; आणि फोटोग्राफर ओरडतोय, "साहेब, हात जरा पात्याच्या जवळ, इकडे बघा!" मी आधीच मागे जाऊन प्लग काढला होता आणि वायरचं टोक खिशात घातलं होतं. साहेबांनी बंद पात्यावर लाकूड टेकवलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. लाकूड कापलं गेलं नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

हा प्रसंग मी लोकांना रंगवून सांगायचो. हल्ली सांगत नाही. त्याचं कारण सोनवणे.

ते सांगण्याआधी मला माझ्या उलट्या टेबलाबद्दल सांगायला हवं.

खरं टेबल-सॉ महाग असतं आणि जड असतं. म्हणून पुण्यातला सुतार साइटवर काय करतो, तर प्लायवूडच्या एका फळीला फट पाडतो, हातातलं कटर उलटं करून त्या फळीला खालून स्क्रूने बसवतो, आणि पातं फटीतून वर काढतो. झालं टेबल-सॉ. अडचण एकच राहते. कटरचं बटण बंदुकीच्या चापासारखं असतं, बोटाने दाबून धरलं तरच चालतं. मशीन टेबलाखाली गेल्यावर बोट कोण घालणार? मग सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तो चाप दाबलेल्या अवस्थेत बांधून टाकतात. चालू-बंद करायचं ते भिंतीवरच्या बोर्डातून. हे मी शोधून काढलं नाही. या शहरातलं तुमचं कपाट, पलंग, देव्हारा बहुधा अशाच टेबलावर कापलेला आहे.

मी एवढंच केलं की ते नीटनेटकं केलं. चांगली फळी, पाय, सरळ कापायला पट्टी, धूळ पडायला खाली डबा. बाल्कनीवाल्यांना ते फार आवडलं. कमी जागा, कमी पैसे. मी एकामागून एक बनवत गेलो. लाल आणि हिरवं बटण असलेला एक स्विच मिळतो. वीज गेली की तो आपोआप पडतो आणि पुन्हा बोटाने दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. तो मला माहीत होता. गिरणीत असतो, लेथवर असतो. माझ्या टेबलाला मी तो लावत नव्हतो, कारण सुतार लावत नव्हते. तीस वर्षं सगळे जे करतात ते बरोबरच असणार, असं मी मानून चाललो होतो. इतर कुठल्याही बाबतीत मी असं मानणाऱ्याची चेष्टा केली असती.

सोनवणे एका सरकारी कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, वारज्याला तिसऱ्या मजल्यावर राहणारे गृहस्थ. उंच, सावळे, खिशाला दोन पेनं. खरेदीपूर्वी तीनदा आले. दर वेळी वही काढून लिहून घेतलं.

"पुस्तकांसाठी मांडणी करायची आहे," ते म्हणाले. "आयुष्यभर पुस्तकं घेतली. आता ती जमिनीवर रचून ठेवली आहेत. नात त्यावर चढून बरणीतला लाडू काढते. तिला वाटतं पुस्तकं म्हणजे पायऱ्या."

"सुतार बोलवा की. आठवड्यात करून देईल."

"केळकर, सुताराकडून करून घ्यायचं असतं तर मी आपल्याकडे कशाला आलो असतो? चाळीस वर्षं दुसऱ्याने केलेल्या वस्तूंच्या नोंदी लिहिल्या. एक वस्तू स्वतः करू द्या."

मी त्यांना उलटं टेबल दिलं. रबरी पट्टी माझ्या हाताने बांधली. लाकूड कसं ढकलायचं, बोटं कुठे ठेवायची, सगळं दाखवलं. वीज गेली तर काय, हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही आणि माझ्या डोक्यात आलं नाही.

महिन्याभराने एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास त्यांचा फोन आला. "केळकर, आपलं मशीन बंद पडलं. फळी अर्धी कापली आणि एकदम थांबलं. काही आवाज नाही."

मी एका कटरचं बेअरिंग ओढून काढत होतो. फोन खांद्यात धरलेला. असा फोन आला की आमच्या गल्लीत जे उत्तर देतात ते मी दिलं. कोणीही द्यायचं, मीच नव्हे. "पातं अडकलं असेल. फळी मागे ओढा आणि पातं हाताने फिरवून बघा."

"हाताने?"

"हो हो, हाताने. काही होत नाही."

"बरं, बघतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

बेअरिंग निघालं. मी ते घेऊन शेजारी अब्बासभाईंकडे गेलो. त्यांचं बेअरिंगचं दुकान आहे. त्यांनी कपाटातून नवं काढलं आणि बोलता बोलता म्हणाले, "आज वारज्याला लाईट नाही वाटतं. बहीण सकाळपासून फोनवर फोन करतेय. टाकी भरली नाही, टाकी भरली नाही. मी काय इथून पंप मारू?"

"का गेली लाईट?"

"गुरुवार आहे ना. तारांची कामं काढतात ते."

मला क्षणभर काहीच वाटलं नाही. मग उमगलं. सोनवण्यांचं मशीन बिघडलेलं नव्हतं. वीज गेली होती. दिवसाउजेडी, उघड्या बाल्कनीत, पंखा नाही, दिवा नाही. त्यांना कळलं नव्हतं. भिंतीवरचं बटण चालू, चाप रबराने दाबलेला, आणि मी त्यांना सांगितलं होतं, हाताने फिरवून बघा.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

"काय झालं?" अब्बासभाई म्हणाले. "चेहरा का असा?"

सोनवण्यांच्या घरचा दुसरा नंबर माझ्याकडे नव्हता. स्कूटरला किक मारली.

भवानी पेठेतून वारज्याला जायला एरवी पाऊण तास लागतो आणि त्या पाऊण तासात माणूस शहराला नावं ठेवतो. मी त्या दिवशी कोणाला नावं ठेवली नाहीत. स्वारगेटच्या सिग्नलला फोन लावला. दांडेकर पुलाला लावला. म्हात्रे पुलावर एका पोलिसाने हात केला, तसाच पुढे गेलो. डोक्यात एकच हिशेब चालू होता: दुरुस्तीची वीज किती वाजता येते? कधी दुपारी, कधी संध्याकाळी. कधी मधेच येते आणि पुन्हा जाते. कर्वेनगरला दुकानांपुढे जनरेटर धडधडत होते. तो आवाज मला इतका गोड वाटला की काय सांगू. जनरेटर चालू म्हणजे वीज अजून नाही.

वारज्याच्या पुलाच्या अलीकडे एक औषधांचं दुकान आहे. मी त्याच्यासमोरून जात असताना त्याची हिरवी पाटी लागली. शेजारच्या बेकरीतला दिवा लागला. मग समोरच्या बाजूची सगळी दुकानं एकदम.

तिथून त्यांचं घर पाच मिनिटांवर होतं. ती पाच मिनिटं मी कशी काढली ते लिहिता येण्यासारखं नाही. मी मनातल्या मनात त्यांच्या उजव्या हाताचा विचार करत होतो. त्या हाताने ते वहीत लिहायचे. अक्षर फार सुरेख होतं.

तीन मजले चढलो. दार उघडंच होतं. सोनवणेबाई हॉलच्या मधोमध उभ्या होत्या, हातात पोळीचं उलथनं. सोनवणे खुर्चीत बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. मी आधी बोटं मोजली. लाज वाटते, पण नमस्कार केला नाही, बोटं मोजली. दहा होती.

बाल्कनीत माझं टेबल एकटंच गरगरत होतं.

मी धावत जाऊन बोर्डातलं बटण बंद केलं आणि प्लग उपटला. पातं थांबायला लागलं. सवयीने माझा कान त्याकडे गेला. बेअरिंग उत्तम होतं. समोरच्या लोखंडी कपाटाला पोचा आला होता आणि खाली अर्धी कापलेली फळी पडली होती. सोनवणे ती मागे ओढून ठेवून गेले होते, तिचं टोक पात्याला टेकलेलं राहिलं होतं. वीज आली तेव्हा पात्याने ती फळी उचलून फेकली. पातं फिरवायला माणूस जिथे वाकतो, बरोबर त्या बाजूला.

"आपोआप चालू झालं हो," बाई म्हणाल्या. "कोणी हात लावला नव्हता. मी म्हटलं, हे तिकडेच आहेत."

"मग होतात कुठे?" मी सोनवण्यांना विचारलं.

"चष्मा शोधत होतो."

"काय?"

"आपण म्हणालात हाताने फिरवा. मी हात घातला. तर पात्याचे दात दिसेनात. लागेल म्हणून चष्मा आणायला आत गेलो. तो सापडेना. हिने टीव्हीच्या मागे ठेवला होता."

"ठेवला नव्हता," बाई म्हणाल्या. "तुमचा तुम्हीच ठेवता."

"फोन का नाही उचलला?"

"फोन तिकडेच, टेबलावर होता. वाजत होता. मी म्हटलं, केळकरांना घाई झालेली दिसते. आधी चष्मा, मग फोन."

म्हणजे स्वारगेटपासून मी त्यांना त्या मशीनकडेच बोलावत होतो. मी खाली बसलो. बाईंनी पाणी दिलं. भिंतीवर बुद्धाचं लहानसं चित्र होतं आणि त्याच्याखाली जमिनीवर, गुडघ्याएवढ्या उंचीच्या थप्प्यांत, पुस्तकं.

मी त्यांना सगळं सांगितलं. रबराची पट्टी, वीज, माझं उत्तर. ते म्हणाले, "आमच्या कारखान्यात अपघाताचं रजिस्टर माझ्याकडे होतं. त्यात मशीन कधी चुकायचं नाही. नेहमी माणूसच चुकायचा. मीच लिहायचो तसं. वरून तसं लिहा म्हणून यायचं."

दुसऱ्या दिवशी जाऊन मी त्यांच्या टेबलाची पट्टी काढली आणि लाल-हिरवा स्विच बसवला. अर्ध्या तासाचं काम. कपाटाचा पोचा ठोकून दिला. बाईंनी चहा केला. परत येताना मला हलकं वाटत होतं. प्रकरण मिटलं.

तसं मी ठरवलं, हे खरं. पुढे तीन आठवडे मी काहीही केलं नाही. दुकान भाच्याच्या हाती द्यायचं चाललं होतं, सामान हलवायचं होतं. कारणं भरपूर होती आणि एकही कारण नव्हतं. दर गुरुवारी मात्र सकाळी अकरानंतर मला एका जागी बसवत नसे. दुकानाच्या दारात येऊन उभा राहायचो, आत जायचो, पुन्हा बाहेर. अब्बासभाई म्हणाले, "केळकरसाहेब, एक तर कोणाची वाट बघताय, नाहीतर कोणाला टाळताय."

चौथ्या आठवड्यात सोनवण्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा, ऑफिसातला.

"केळकर, अशी टेबलं आपण एकूण किती विकलीत?"

"असतील दहा-बारा."

"दहा की बारा?"

"सांगता येत नाही."

"यादी?"

"यादी कोण ठेवतं?"

"मी ठेवतो," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन दुकानात हजर झाले. माझ्या आठवणीतून त्यांनी एकेक नाव काढलं. कोण, कुठे राहतो, कधी नेलं. मला नाव आठवायचं नाही पण मशीन आठवायचं. मग मशीनवरून माणूस. अकरा झाले. मग आम्ही दोघं निघालो. स्कूटरवर मी पुढे, ते मागे, मांडीवर स्विचांची पिशवी. पासष्टीच्या पुढचे दोन म्हातारे लोकांच्या दारात जाऊन म्हणायचे, "तुमच्या मशीनला हा स्विच फुकट लावायचाय." फुकट म्हटल्यावर पुण्यात कोणी दार उघडत नाही. एका ठिकाणी आम्हाला वॉचमनने खालीच अर्धा तास बसवलं. एका डॉक्टरांनी विचारलं, "यात तुमचा फायदा काय?" सोनवणे म्हणाले, "झोप."

लोणी काळभोरला एक सुतार होता, माझं जुनं गिऱ्हाईक. त्याने दोन्ही पंजे माझ्यासमोर पसरले. "शेठ, बगा की. धा हायत. ईस वर्सं आसंच करतोय."

"आणि अकराव्या वेळी?"

"आकरावं बोट कुणाला आसतंय?" तो हसला, पण स्विच लावू दिला. आठवड्याने फोन करून सांगितलं, काढून टाकला. दर वेळी वाकून बटण दाबायला कोण बसलंय?

सोनवण्यांच्या वहीत त्याच्यापुढे त्यांनी लिहिलं: 'समजावले. पुन्हा जाणे.'

अकरांतल्या दोघांची मशीनं आठवली, माणसं नाही; वहीत त्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत. भवानी पेठेतून कोणी असं टेबल नेलं असेल आणि हा अंक त्यांच्या हाती आला असेल, तर कृपा करून अंक खाली ठेवावा, आधी प्लग काढून यावं आणि मग पुढे वाचावं. लेख कुठे जात नाही.

राहिला निखिल, लॅपटॉपवाला. त्याने कटरनंतर माझ्याकडून टेबलही करून नेलं होतं. त्याला फोन केला.

"अंकल, ते टेबल? ते तर मी ऑनलाइन टाकलं. सेम डे गेलं. सॉरी, तुम्हाला हवं होतं का?"

"कोणी घेतलं?"

"कात्रजचे कोणीतरी. चॅट डिलीट केलाय मी. थांबा, पेमेंट आलं होतं, त्यात नंबर असेल."

जुन्या वस्तूंच्या धंद्यात आयुष्य गेलं, तरी ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी विकलं की माझ्यापुरतं मशीन संपतं. मशीन मात्र पुढे जात राहतं, माझ्या पट्टीसकट, ज्यांना मी कधी पाहिलं नाही अशा लोकांकडे.

त्या नंबरवर एका बाईंनी फोन घेतला. मी टेबलाबद्दल बोलायचंय म्हटल्यावर त्यांनी पत्ता सांगितला. "या. घरीच असतात ते सध्या."

तो 'सध्या' मला आवडला नाही.

कात्रजला, डोंगराच्या बाजूला, चार मजल्यांची इमारत. दार उघडलं ते पस्तिशीच्या एका माणसाने, डाव्या हाताने. उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत पांढऱ्या बँडेजमध्ये होता.

"कटरवाले काका ना? या, या. मी नितीन. ही म्हणाली कोणीतरी येणार आहे." हसतमुख माणूस. आम्हाला बसवलं. आमची नजर हातावरून हलत नाही हे पाहून तो म्हणाला, "काही नाही हो. चूक माझीच. लाईट गेली होती, पात्यात एक ढलपी अडकलेली दिसली, ती काढायला गेलो आणि लाईट आली. प्लग काढायला नको का? एवढी साधी गोष्ट. ह्याचं एक पेर गेलं, ह्याचं थोडं." त्याने बँडेजवरूनच तर्जनी आणि मधलं बोट दाखवलं.

"कधी झालं?" सोनवण्यांनी विचारलं.

"मागच्या गुरुवारी."

मी मनात गुरुवार मोजले. वारज्याच्या गुरुवारनंतर कात्रजच्या गुरुवारपर्यंत चार. सोनवण्यांनीही मोजले असावेत. त्यांनी वही उघडली नाही.

"चूक तुमची नाही," मी म्हणालो. "ते टेबल मी बनवलंय. चाप मी बांधलाय. तुमच्याकडे येण्याआधीच मी तो सोडवायला हवा होता, आणि मला ते एक महिना माहीत होतं."

नितीनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण तिथल्या तिथे थांबलं. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मग नितीनच म्हणाला, "मग बरं झालं आलात. ते रबर काढायचा प्रयत्न करतोय मी चार दिवस. एका हाताने गाठ सुटत नाही."

आम्ही बाल्कनीत गेलो. प्लग काढलेला होता. मी गुडघे टेकून टेबलाखाली वाकलो. मोटरच्या उष्णतेने आणि भुशाने रबर चिकटून दगड झालं होतं. मी नखं लावली, पेचकस घातला. गाठ हलेना. सोनवणे शेजारी बसून प्रयत्न करू लागले, त्यांनाही जमेना. वर पाहिलं तर नितीनची बायको भाजी चिरायची सुरी घेऊन उभी होती. मी हात पुढे केला.

त्यांनी सुरी माझ्या हातात दिली नाही. "सरका," म्हणाल्या, आणि खाली बसून स्वतःच ती पट्टी कापली.